सकाळी सातचा हात

माझा भाऊ जयतीर्थ काय काम करायचा, असं कुणी विचारलं की मी "साचे करायचा" एवढंच सांगते. पुढचं सांगायचा आता कंटाळा येतो. प्लॅस्टिकच्या वस्तू ज्यात ओतून होतात ते लोखंडी साचे. हुबळीत गोकुळ रोडला एका शेडमध्ये त्यानं एकतीस वर्षं तेच केलं. बाटल्यांची बुचं, पंपाच्या स्विचची बटणं, कुकरच्या दांड्या. तुमच्या कुकरची दांडी हातात नीट बसत असेल तर ती मी केलेली, आणि बसत नसेल तर दुसऱ्या कुणी, असं तो म्हणतो. मी म्हणत नाही. मी त्याची थोरली बहीण, मला काही त्याचं कौतुक सांगायचं नाहीये. पण सिरिंजची गोष्ट सांगायची तर त्याच्याशिवाय पुढं सरकत नाही, तेव्हा ऐका.

मी शांता. धारवाडच्या एका सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला आणि मी नर्सिंगला गेले, तेव्हा ब्राह्मणाघरची पोर परक्यांचं गू-मूत काढायला चालली म्हणून आमच्या गल्लीनं तोंडं वाकडी केली. केली तर केली. त्यांच्यातल्याच निम्म्यांच्या नातवंडांना पुढं मीच टोचलं. वॉर्डात मला सगळे शांताक्का म्हणायचे, आणि आसपासच्या खेड्यांत बोलवा होती की शांताक्काची सुई लागत नाही. कानडी असो, मराठी असो, पोराला काखोटीला मारून आलेली आई दारातच विचारायची, आज शांताक्का ड्यूटीवर आहेत का. बढती मला कधी मिळाली नाही. मिळालं ते एवढंच, आणि तेवढंच मला शेवटपर्यंत सांभाळायचं होतं.

शहाण्णव साली अंगठा गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पण सकाळी उठलं की ऐकायचा नाही. दोन्ही हातांची बोटं सुजून ताठ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी तर झाकतही नव्हती. दहा-साडेदहापर्यंत हळूहळू सैल व्हायची. संधिवात. तीस वर्षं दवाखान्यात काढल्यावर तेवढं डॉक्टरला विचारावं लागत नाही. पण आमच्याकडं इंजेक्शनं सकाळी सातला असायची, माझ्या बोटांसाठी ती दहाला कोण नेणार?

त्यातलं सगळ्यात अवघड इंजेक्शन कविताचं. अळणावरकडच्या खेड्यातली सहा वर्षांची पोर. बाप नागोजी लाकडाच्या वखारीत हमाल. पोरीचे तापात सांधे धरले होते, हृदयालाही धोका होता, म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिन. बापलेक आदल्या संध्याकाळी येऊन व्हरांड्यात झोपायचे, म्हणजे सातला पहिला नंबर आणि नागोजी दुपारपर्यंत कामावर परत. हे औषध पिठल्यासारखं दाट. जरा रेंगाळलात की सुईतच अडतं. एका दमात, एकसारखा जोर लावून आत ढकलावं लागतं, आणि तो जोर अंगठ्याचा. तिचेही सांधे, माझेही सांधे, म्हणून मला त्या पोरीचा जरा जास्तच लळा होता.

जूनमध्ये एका सकाळी औषध अर्धं गेलं आणि माझा अंगठा थांबला. सुई पोरीच्या कमरेत, अर्धं औषध सिरिंजमध्ये, आणि हातात जोर नाही. सुई काढली, दुसरी लावली, पुन्हा टोचलं. कविता कधी रडायची नाही, ती रडली. परकर सावरत म्हणाली, "अक्का, आज लई लागलं की."

मेट्रनबाई दारातच उभ्या होत्या. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगते. मला बाजूला घेऊन कानडीत म्हणाल्या, शांताक्का, हात चालत नसेल तर चादरींच्या कोठीत जा, बसून काम आहे, पोरांना दोनदा टोचणं बरं नव्हे. खरंच होतं ते. वर्षअखेरीपर्यंत बघते, मग बदलीचा कागद काढते, असंही म्हणाल्या. कोठी मी पाहिली होती. चादरी मोजायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या, धोब्याची वाट बघायची. तिथं कुणी आई शांताक्काला विचारत येणार नव्हती. रिटायर व्हायला मला सहा वर्षं होती, आणि ती सहा वर्षं चादरींच्या वासात काढायची म्हटल्यावर माझं जेवणावरचं मन उडालं.

जयू दर रविवारी जेवायला धारवाडला यायचा. आई गेल्यापासूनचा तो शिरस्ता. त्याची बायको श्यामला रविवारी भजनाला जायची, आणि आईच्या पोळीची चव माझ्याच पोळीला आहे असं ह्या गृहस्थाचं म्हणणं. म्हणून मी रविवारी बारा वाजता पातेलंभर कढत पाण्यात मीठ टाकून अर्धा तास हात बुडवून बसायची. मग बोटं वळायची, मग कणीक, मग पोळ्या. एकच्या बसनं तो येईस्तोवर माझे हात चांगले चालते-बोलते झालेले असायचे. धाकट्या भावाला कशाला दाखवायचं? आमच्या घरात हे असंच. आईनं पोटातलं दुखणं शेवटच्या महिन्यापर्यंत पदराआड ठेवलं, आणि विचारलं तर म्हणायची, काही नाही रे, जरा अपचन.

अंगठ्याचा जोर जरा कमी झालाय आणि मेट्रनबाई कोठीत घालणार म्हणतायत, एवढंच मी त्याला सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "ती सिरिंज दाखव."

उलटीपालटी करून बघितली. "हे कुणी केलंय, अक्का? दोन बोटांना नखाएवढी जागा दिलीय. अंगठ्याखाली बिल्ला. हातात धरायची वस्तू आहे का दात कोरायची?" मग पिशवीतून मापाचा व्हर्निअर काढला आणि माझ्या एकेका बोटाचं माप कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं लिहायला लागला. मी म्हटलं, मला बघायला आले होते तेव्हा एवढं कुणी बघितलं नव्हतं. तो हसला नाही. मिलिमीटरच्या दशांशापर्यंत लिहीत बसला.

दोन आठवड्यांनी पहिला नमुना आला. सिरिंजवर बसणारी चिमटी, बोटांना दोन्हीकडं रुंद पंख, अंगठ्याला कडं. सोमवारी मी तो वॉर्डात नेला आणि इतर सामानाबरोबर उकळत्या पाण्यात टाकला, कारण आमच्या वॉर्डात दारातून आत आलेली प्रत्येक वस्तू आधी उकळायची, माणसं सोडून. वीस मिनिटांनी चिमट्यानं काढला तर कांदाभज्यासारखा वळलेला. जयूला दाखवला तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "उकळलंस होय?"

"मग काय करू, हळदीकुंकू वाहू?"

दुसरा नमुना त्यानं नायलॉनचा केला, हवा तेवढा उकळ म्हणाला. रविवारी पोळ्या झाल्यावर माझ्या हातात घालून बघितला. अंगठी बसावी तसा बसला. सिरिंजमधून पाणी सोडून बघितलं, एकसारखी धार. जयूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सोमवारी सकाळी सातला कड्यात अंगठा जाईना. सांध्याशी अडला. जोर करून घातला तर निघेना. साबण लावून काढावा लागला. मी तो एप्रनच्या खिशात टाकला आणि दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून, दात आवळून त्या दिवशीची इंजेक्शनं उरकली. दर वेळी सुई जराशी हलायची, पोरं रडायची.

पुढच्या रविवारी पहिला घास तोंडात घालायच्या आधीच जयूनं विचारलं, "कसं चाललंय?"

"छान चाललंय," मी म्हटलं. त्यानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

खोटं एकदा बोललं की रोज त्याला पाणी घालावं लागतं. तो कडं आणखी गुळगुळीत करायचा, पंख रुंद करायचा, नवा नमुना आणायचा. मी कढत पाण्यातून काढलेल्या हातात घालून दाखवायची आणि छान म्हणायची. सगळे माझ्या एप्रनच्या खिशात जाऊन बसायचे. खंडेनवमीला शेडमधली सगळी मशीनं धुऊन पुसून पूजा करतात, त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नाही. ह्या शहाण्यानं माझा नमुना व्हर्निअरच्या शेजारी ठेवून त्याला कुंकू लावलं, आणि त्यावरचं झेंडूचं फूल घेऊन संध्याकाळी धारवाडला आला. त्या दिवशी खरं सांगायचं माझ्या ओठांवर होतं. पण भाऊ फूल घेऊन दारात उभा असताना काय सांगणार, डोंबल?

लाज वाटून मी दुसऱ्या आठवड्यात तो नमुना सिरिंजला लावून पाहिला, कड्यात अंगठा न घालता. इंजेक्शन कसंबसं झालं. मग सुईवर टोपण परत घालायला गेले. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण घालायचं, ही तेव्हा आमची सगळ्यांची सवय, चुकीची पण हाडात मुरलेली. ताठ बोटांत ती चिमटी फिरली आणि सुई माझ्या डाव्या तर्जनीत घुसली. रक्त आलं. दुसऱ्याच्या रक्तात काय आहे हे कुणाला माहीत? आज रक्त तपासायचं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, आणि मधले तीन महिने वाट बघायची. मी घाबरले होते. पण त्याहून जास्त मला ही भीती होती की आता कोठी नक्की.

मेट्रनबाईंनी नोंद केली आणि माझ्या कागदांवर जवळचा नातेवाईक म्हणून जयूचं नाव होतं, तर शेडच्या फोनवर कळवलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या सिटी बसनं तो आला, मला न सांगता. सातला पाच कमी असताना वॉर्डाच्या दारात उभा. मी पेनिसिलिनच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण नखानं निघेना म्हणून चिमट्यानं उचकटत होते. तीनदा चिमटा हातातून पडला. किती वेळ तो बघत होता, मला कळलं नाही. मग जवळ आला, माझा हात घेतला आणि एखादं बिजागर फिरतंय का बघावं तसं एकेक बोट वळवून बघायला लागला. एकही वळलं नाही.

"अक्का," तो म्हणाला, "रविवारी हे हात कुठं असतात?"

मी कढत पाण्याचं सांगितलं, मिठासकट. खिशातले नमुनेही काढून ठेवले.

जयूनं माझ्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. "शेडमधल्या माणसांना मी रोज सांगतो, साच्यातून निघालेल्या वस्तूचं गरम असताना माप घेऊ नका. गार होऊ दे, आखडू दे, मग घ्या. गरम माप खोटं असतं. आणि चार महिने तू मला गरम हात देत होतीस."

बावन्न वर्षांची बाई, अंगात एप्रन, वॉर्डात पोरांसमोर उभी राहून रडले. दमले होते मी. हात लपवून लपवून हातांपेक्षा जास्त दमले होते.

रात्री तो माझ्याकडंच राहिला. सकाळी साडेसहाला, मी तोंड धुवायच्या आत, स्वयंपाकघरात कणीक भिजवत बसलेला. सैल केली होती, पुरुषाची कणीक. एका रिकाम्या सिरिंजभोवती तिचा गोळा थापला आणि म्हणाला, "सिरिंज विसर. तुला कमीत कमी दुखेल असं धर आणि दाब." मी दाबलं. गोळा सोडवून त्यानं खिडकीपाशी नेला. अंगठ्याची खूण जवळजवळ नव्हतीच. खोल खळगा पडला होता तो तळहाताच्या बुडाशी, मनगटाच्या वर. बराच वेळ बघत राहिला. "अंगठ्याला सुट्टी," एवढंच म्हणाला, गोळा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्या पोळ्यांच्या डब्यात घालून बसनं हुबळीला घेऊन गेला.

ह्या वेळी साचा नाही, नायलॉनच्या दांड्यातून त्यानं लेथवर कोरून काढला. दिसायला कुरूप. चार बोटांनी धरायला भरताच्या वांग्याएवढी जाड मूठ, आणि मागं तळहातात बसणारी टोपी, शिक्का मारावा तशी तळव्यानं दाबायची. पुढं छोट्या वाटीएवढी आडवी तबकडी, म्हणजे सुई निसटली तरी बोटापर्यंत येऊ नये. शिवाय टोपण उभं राहायला एक ठोकळा. सुई एका हातानं त्यात खाली सोडायची, दुसरा हात पाठीमागं. तो घेऊन स्वतः सकाळी सातला वॉर्डात आला. रविवारी नाही.

डिसेंबरात मेट्रनबाई बघायला आल्या तो दिवस नेमका कविताचा होता. त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ही पोर आज रडली तर मला कागद काढावा लागेल, शांताक्का." कविता पालथी झोपलेली. मी मूठ धरली, सुई घातली, तळव्यानं दाबलं. सगळं औषध एका दमात, न थांबता, न हलता गेलं. पोरीनं हूं की चूं केलं नाही. उठून बसली, मेट्रनबाईंकडं बघून आपण होऊन म्हणाली, "लागलं न्हाई."

"आयतु," मेट्रनबाई म्हणाल्या, म्हणजे झालं, आणि निघून गेल्या. कागद निघाला नाही. जानेवारीत रक्ताचा दुसरा रिपोर्ट आला, तोही चांगला. मी वॉर्डातच राहिले.

हळूहळू आणखी काही नर्सना तसल्या मुठी हव्या झाल्या. जयू प्रत्येकीकडं सकाळी सातला कणकेचा गोळा घेऊन जायचा, त्यांच्या घरचे हसायचे. सगळ्या मिळून अकरा झाल्या. एकदा एका कंपनीचा माणूस शेडमध्ये येऊन म्हणाला, सगळ्यांना चालेल असं एक माप द्या. जयू म्हणाला, कुणाच्या हाताचं, आणि किती वाजताचं? तो माणूस परत आला नाही.

दोन हजार दोनच्या मे महिन्याची एकतीस तारीख, माझा शेवटचा दिवस. त्याच दिवशी कविताची एकवीस दिवसांची पाळी आली. बारा वर्षांची झाली होती, माझ्या खांद्याला लागायची. शेवटचं इंजेक्शन तिलाच दिलं. नेहमीसारखं एका दमात गेलं, नेहमीसारखी ती गप्प. मला जरा अभिमान चढला असणार, शेवटच्या दिवशी माणसाला चढतो. म्हटलं, "पुढच्या वेळी नवी सिस्टर असेल. तिची सुई लागली तर रडू नकोस हं."

"तुमचीबी लागायचीच की, अक्का," ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय.

"खरंच. ह्ये औषधच तसलं. आत जाताना आग हुती, दोन दिस बसाया येत न्हाई."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"त्या मोठ्या बाई म्हनल्या हुत्या न्हवं, म्या रडले तर तुमास्नी हितनं काढतो म्हून." तिनं झंपरची बाही वर करून दाखवली. काठ दातांनी चावून चावून विरलेला होता. "आई दर वक्ताला नवी पट्टी लावती."

सहा वर्षं. मी खाटेच्या कडेला बसले. पहिल्यांदा रडली तेव्हा "आज लई लागलं" म्हणाली होती. दर वेळी थोडं लागतंच हे त्यात आलंच होतं. औषध दुखरं आहे हे मला नर्स म्हणून माहीत होतं. पण शांताक्काची सुई लागत नाही, हे मला त्याहून जास्त माहीत होतं. पोरीला जवळ घेतलं, दुसरं काय करणार?

रविवारी जयू आला. मी हात पाण्यात घालायचं कधीच सोडलं होतं, त्यामुळं माझ्या पोळ्या आता कुठल्याही आकाराच्या व्हायच्या आणि तो गुमान खायचा. पहिला घास घ्यायच्या आधी त्यानं विचारलं, "शेवटचं इंजेक्शन कसं झालं? लागलं नाही ना पोरीला?"

छान, असं जिभेवर आलं होतं. सवयच ती.

"लागलं," मी म्हटलं. "सहा वर्षं लागत होतं. तिनं लपवलं." आणि बाहीचं सांगितलं.

त्यानं घास ताटात ठेवला. मला वाटलं, कशाला सांगितलं, एवढ्या वर्षांच्या कष्टावर पाणी ओतलं. मग तो उठला, हात धुतला आणि कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडून पाठकोरी बाजू वर करून बसला.

"दुखतं ते कधी? सुई जाताना, औषध जाताना, का नंतर?"

"आग होते म्हणाली आत जाताना. नीट विचारलं नाही मी."

"म्हणजे फार जोरात जातंय. आपण अडू नये एवढंच बघितलं, वेगाचं बघितलंच नाही." त्यानं काहीतरी लिहिलं. "पुन्हा कधी येणार ती?"

"एकवीस जूनला. पण मी रिटायर झालेय, जयू. दमलेय मी."

"मीही दमलोय," तो म्हणाला. "सातला ये. मला ती खरं सांगायची नाही."

"मलाही कुठं सांगत होती?"

"आता सांगेल," तो म्हणाला, आणि ताट पुढं ओढून उरलेली पोळी खायला लागला.